मूळ भयपट आणि त्याचा रिमेक : जोडीने पाहून निवाडा कसा करावा

भयपटाचा रिमेक पाहून उठलेला माणूस बहुधा एका वाक्यात निकाल लावून मोकळा होतो : ‘पहिल्याची सर नाही.’ हे वाक्य पुष्कळदा खरेही असते. पण का, असे विचारले तर ‘त्यात भीती वाटली होती, यात वाटली नाही’ यापलीकडे उत्तर मिळत नाही. यात मोठी गोम आहे. दार कोणत्या क्षणी उघडणार आणि त्यामागे काय दडलेले आहे, हे एकदा कळले की दुसऱ्या वेळी ते दार कितीही कौशल्याने उघडले तरी छाती तशी धडधडत नाही. म्हणजे आपण जो चित्रपट आधी पाहिला तो जिंकतो आणि नंतरचा हरतो, एवढेच या निकालातून सिद्ध होते. दोन्ही चित्रपटांना न्याय द्यायचा असेल तर पाहण्याची काही रीत ठरवावी लागते. लातूर, परभणी किंवा अंबाजोगाईसारख्या गावात महाविद्यालयाच्या मंडळाने, वाचनालयाच्या गटाने अथवा चार मित्रांनी घरी बसून ती अमलात आणावी, अशा बेताने पुढील मजकूर लिहिला आहे.

माझे मत आधीच सांगून टाकतो. रिमेक मुळाच्या तोडीचा होऊ शकतो आणि झालेलाही आहे. मात्र दृश्ये किती हुबेहूब उतरवली यावर ते अवलंबून नसते. मूळ चित्रपटातली भीती कोणत्या तरी समजुतीवर, सवयीवर किंवा पापावर उभी असते; नव्या मुलखात त्याच तोलाची, तिथल्या लोकांच्या मनात तितकीच खोल रुतलेली गोष्ट दिग्दर्शकाला सापडली की नाही, यावर सगळे ठरते. निवाडा करताना शोधायचे आहे ते हेच.

जोडी निवडताना

प्रथम आपण निवडलेली जोडी खरोखर मूळ आणि रिमेक अशी आहे ना, हे पाहून घ्यावे. १९९३ च्या ‘झपाटलेला’मधला बाहुला १९८८ च्या ‘चाइल्ड्स प्ले’ या अमेरिकी चित्रपटावरून सुचलेला आहे हे उघड आहे, पण तात्या विंचू हा इतका अस्सल मराठी इसम आहे की त्या दोघांची तुलना करणे म्हणजे दोन वेगळ्या चित्रपटांची तुलना करणे होय. डब केलेला चित्रपट हा रिमेक नव्हे, आणि पुढचा भागही नव्हे. २०२२ चा ‘भूल भुलैया २’ हा ‘मणिचित्रताळु’ या मल्याळम मुळाशी ताडून पाहण्यात अर्थ नाही, २००७ चा पहिला ‘भूल भुलैया’ मात्र अवश्य ताडून पाहावा.

मराठवाड्यातल्या गटाने सुरुवात ‘लपाछपी’ (२०१७) आणि ‘छोरी’ (२०२१) या जोडीने करावी, असे मी आग्रहाने सुचवीन. मराठी मूळ आणि हिंदी रिमेक असा उलटा प्रवास क्वचितच घडतो, दोन्हींचे दिग्दर्शक विशाल फुरिया हेच आहेत, आणि दोन्हींमधले भय उसाच्या फडात लपलेले आहे. त्या फडाविषयी आपल्याकडच्या प्रेक्षकाला जे ठाऊक आहे ते मुंबईच्या समीक्षकाला ठाऊक असण्याचे कारण नाही.

पाहण्याची तयारी

गट आठ-दहा जणांचा असेल तर त्याचे दोन भाग करावेत. एका भागाने मूळ चित्रपट आधी पाहावा, दुसऱ्याने रिमेक आधी पाहावा, आणि मध्ये निदान आठवड्याभराचे अंतर ठेवून अदलाबदल करावी. आधी पाहिल्याचा फायदा दोन्ही चित्रपटांना सारखाच मिळावा, यासाठी ही खटपट आहे. रिमेक आधी पाहिलेल्यांनाही मूळच सरस वाटले, तर त्या मताला वजन येते. प्रत्येकाला आपण आधी पाहिलेलाच आवडला, तर निकाल राखून ठेवावा. एकटेच पाहणार असाल तर मूळ आधी पाहावे, आणि दोन्ही पाहून झाल्यावर काही दिवसांनी दोन्हींतले निवडक प्रसंग पुन्हा पाहावेत. धक्का ओसरल्यावर जे उरते ते दुसऱ्या पाहण्यात दिसते.

भयपट अंधारावर आणि शांततेवर चालतो, आणि घरचा टीव्ही नेमक्या याच दोन गोष्टींचा घात करतो. बहुतेक नव्या टीव्हींमध्ये हालचाल कृत्रिमरीत्या गुळगुळीत करणारी सोय कारखान्यातूनच चालू करून दिलेली असते. तिच्यामुळे चित्रपट दूरदर्शन मालिकेसारखा दिसू लागतो. ती बंद करावी, चित्राची मांडणी ‘सिनेमा’ या प्रकारावर ठेवावी, आणि आवाजाच्या सेटिंगमध्ये रात्रीसाठीची सोय असेल तर तीही बंद करावी, कारण ती कुजबुज मोठी आणि किंकाळी लहान करून दोन्ही एका पातळीवर आणते. खोलीतले दिवे मालवावेत. कूलरविषयी मात्र मी गप्प बसतो. मे महिन्यात परभणीत कूलर बंद करून दोन तास बसा, असे सांगणाऱ्याचे कोणी ऐकणार नाही. म्हणून असले कार्यक्रम मार्गशीर्ष-पौषात ठेवावेत, म्हणजे पंख्याचीही गरज पडत नाही.

दोन सूचना आणखी. घरापुरते घेतलेले ओटीटीचे सदस्यत्व सार्वजनिक प्रयोगाला चालत नाही, तेव्हा सभागृहात चित्रपट दाखवायचा असेल तर हक्कधारकाची परवानगी घ्यावी. आणि ‘लपाछपी’सारख्या चित्रपटात गरोदर स्त्री आणि तान्ही बाळे संकटात आहेत, हे निमंत्रणातच स्पष्ट लिहावे; ज्या घरात असे दुःख ताजे आहे, तिथल्या माणसाला ते अंधारात अचानक समोर यायला नको.

भीतीचे मूळ एका वाक्यात लिहावे

मूळ चित्रपट संपताच, चहा येण्याआधी, प्रत्येकाने कागदावर एकच वाक्य लिहावे : या चित्रपटात भीती नेमकी कशाची आहे? ‘भुताची’ हे उत्तर बाद धरावे. भूत हा भीतीचा चेहरा झाला. त्याच्यामागे काय आहे ते लिहायचे आहे.

१९९८ चा जपानी ‘रिंगू’ घ्या. एक व्हिडिओ कॅसेट पाहिली की सात दिवसांनी माणूस मरतो, एवढीच त्याची गोष्ट. पण भीती आहे ती घरातल्या निरुपद्रवी वस्तूची आणि त्याहून अधिक, स्वतः वाचण्यासाठी कॅसेटची नक्कल करून तो शाप दुसऱ्याच्या गळ्यात घालावा लागण्याची. त्या काळी कॅसेट आणि तिची नक्कल करण्याची सोय जपानी घरांतही होती आणि अमेरिकी घरांतही. म्हणूनच २००२ मध्ये गोर व्हर्बिन्स्कीने तो शाप अमेरिकेच्या वायव्येकडच्या पावसाळी भागात नेला तेव्हा तो तिथे रुजला. शापाचे मूळ जिच्यात आहे ती विहीरही तशीच राहिली. २०१७ च्या पुढच्या भागापर्यंत कॅसेट हद्दपार झाली होती, तेव्हा तिच्या जागी संगणकावरची फाइल आली, आणि नक्कल करण्याच्या कृतीतले ओझेच निघून गेले. एका बोटाच्या स्पर्शाने हजारांना पाठवता येणाऱ्या वस्तूचा शाप कोणाच्या गळ्यात मुद्दाम घालावा लागत नाही.

उलट टोकाचे उदाहरण म्हणजे ‘सायको’. हिचकॉकच्या १९६० च्या चित्रपटाची गस व्हान सँटने १९९८ मध्ये जवळजवळ चौकटीला चौकट लावून रंगीत नक्कल केली. कॅमेरा तिथेच, संवाद तेच, संगीत तेच. मूळ चित्रपटात नायिका म्हणून जिला आपण धरून चाललो होतो ती निम्म्या वाटेवर मारली जाते, आणि चित्रपट आता कोणाच्या आधाराने पाहायचा हेच प्रेक्षकाला कळेनासे होते. हा धक्का फुटू नये म्हणून हिचकॉकने उशिरा येणाऱ्यांना चित्रपटगृहात सोडू नका, असा दंडक घातला होता. १९९८ चा प्रेक्षक न्हाणीघरातला तो प्रसंग पाठ करूनच आत आला होता. नक्कल चौकटींची करता येते, प्रेक्षकाच्या अज्ञानाची करता येत नाही.

वस्तू बदलली की नाते बदलले

रिमेक पाहताना बदलांची यादी करण्याचा मोह होतो : गाव बदलले, नावे बदलली, गाणी घातली. अशी यादी दोन पाने भरली तरी तिच्यातून हाती काही लागत नाही. प्रत्येक बदलापुढे एकच प्रश्न ठेवावा, की नुसती वस्तू बदलली आहे, की त्या वस्तूचे माणसांशी असलेले नातेही बदलले आहे.

या प्रश्नाचे सर्वांत सुंदर उत्तर ‘मणिचित्रताळु’ या १९९३ च्या मल्याळम चित्रपटाच्या रिमेकांमध्ये सापडते. केरळमधल्या जुन्या वाड्यात राहायला आलेली गंगा हळूहळू स्वतःला नागवल्ली समजू लागते. नागवल्ली ही तंजावरहून आणलेली नर्तकी, म्हणून मल्याळम घरातली ही सून एकाएकी तमिळ बोलू लागते. शोभना यांना या भूमिकेसाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. अंगावर काटा येतो तो भाषेमुळे : रोजच्या ओळखीच्या माणसाच्या तोंडून शेजारच्या मुलखाची, अर्धवट कळणारी भाषा येते. या चित्रपटाच्या काही भागाचे चित्रीकरण ज्यांनी सांभाळले होते त्याच प्रियदर्शन यांनी २००७ मध्ये हिंदी ‘भूल भुलैया’ केला, तेव्हा नर्तकी बंगालची झाली आणि विद्या बालन यांच्या तोंडी बंगाली आले. २००५ च्या तमिळ ‘चंद्रमुखी’त तीच नर्तकी तेलुगू बोलते. तिन्ही ठिकाणी भाषा बदलली, घर आणि परकी भाषा यांचे नाते मात्र ढळले नाही. बाकी विनोदाचा भरणा हिंदीत आणि तमिळमध्ये किती झाला याविषयी माझी तक्रार आहे, पण हा सांधा तिन्ही चित्रपटांत पक्का आहे.

हा मुद्दा गटाला नीट उमगावा म्हणून एक सराव द्यावा : ही गोष्ट मराठवाड्यात घडवायची तर झपाटलेली सून कोणती भाषा बोलेल? निजामाच्या राज्यात मराठीबरोबर तेलुगू, कन्नड आणि उर्दू नांदत होत्या, तेव्हा पर्याय हाताशी आहेत. पण देगलूर-बिलोलीच्या बाजारात तेलुगू कानांवर पडतच असते. तिथल्या वाड्यात सून तेलुगू बोलू लागली तर सासू घाबरण्याऐवजी ‘कुठं शिकलीस गं?’ असे विचारील. उदगीर-निलंग्याकडे हीच अडचण कन्नडची. छत्रपती संभाजीनगरच्या जुन्या पेठेत दखनी उर्दूने कोणी दचकणार नाही, बीडच्या आडगावात कदाचित दचकेल. एकाच विभागात तालुक्यागणिक उत्तर बदलते. मग केरळहून वाराणसीला गोष्ट नेणाऱ्याने किती तोलून पावले टाकली असतील, याचा अंदाज येतो.

तिसरीही एक वाट आहे : भीती जिथली आहे तिथेच ठेवायची आणि माणसे परकी आणायची. ताकाशी शिमिझू यांनी आपल्याच ‘जु-ऑन’ या शापित घरावरच्या जपानी चित्रपटाचा अमेरिकी अवतार २००४ मध्ये केला तेव्हा घर टोकियोतच ठेवले आणि त्यात अमेरिकी पात्रे आणून सोडली. त्यात शापाला धक्का लागत नाही, पण घरच्या माणसाला घरात वाटणारी भीती जाऊन परदेशात वाट चुकल्याची भीती येते. मला ती पहिल्यापेक्षा उथळ वाटते.

उसाचा फड जवळून

आता आपल्या जोडीकडे वळू. दोन्ही चित्रपटांत दिवस भरत आलेली शहरी बाई नवऱ्याबरोबर फडाच्या मधोमध असलेल्या एकाकी घरात येते, तिथली प्रौढ बाई तिला मायेने सांभाळते, आणि उसात मुले खेळताना दिसू लागतात. मराठीत पूजा सावंत आणि उषा नाईक आहेत, हिंदीत नुसरत भरुचा आणि मीता वशिष्ठ.

फडाचे प्रसंग लागतील तेव्हा गटातल्या ज्या कोणी उसात काम केले असेल त्यांना पुढे बसवावे आणि पडद्यावर काय खोटे वाटते ते त्यांनाच विचारावे. डोक्याच्या वर गेलेल्या उसात दोन सऱ्यांपलीकडचा माणूस दिसत नाही. वाळलेले पाचट वाऱ्यानेही वाजते आणि पायाखालीही वाजते, पण त्या दोन आवाजांतला फरक फडात वाढलेल्या माणसाला झोपेतही कळतो. पानाच्या कडेने उघडा हात बारीक चिरत जातो आणि घाम लागला की आग होते. तुरा आला आहे की नाही यावरून ऊस तोडीला किती दिवसांचा आहे हे सांगता येते, आणि तोड जवळ आली असेल तर त्या परिसरात माणसांची वर्दळ असायलाच हवी. एवढा ऊस उभा असताना आसपास ऊसतोड मजुरांची एकही टोळी का नाही, हा प्रश्न मुंबईत कोणाला पडणार नाही. धारूर-वडवणीकडच्या प्रेक्षकाला पहिल्या पाच मिनिटांत पडेल. दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल घेऊन, नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’ म्हणून ज्यांची गणती होते, त्या कुटुंबांना ऊस म्हणजे चक्रव्यूह वाटत नाही, सहा महिन्यांचा संसार वाटतो. त्यांना घाबरवायचे तर फड पुरत नाही. फडामागचे घर घाबरवणारे असावे लागते.

आणि इथेच या गोष्टीचे खरे मूळ आहे. तिच्यातली भीती मुलगी नकोशी असण्याची आहे. २०११ च्या जनगणनेत बीड जिल्ह्यात सहा वर्षांखालील दर हजार मुलांमागे मुलींची संख्या ८०७ होती. गर्भलिंगनिदानावर बंदी घालणारा कायदा १९९४ चा आहे, म्हणजे हा आकडा त्यानंतर सतरा वर्षांनी मोजलेला आहे. त्यामुळे आपल्याकडे हा चित्रपट पाहताना पडद्यावरच्या पापाला वेगळा पुरावा लागत नाही. ‘लपाछपी’त ते पाप मायेच्या बोलीत येते. पोटुशीला आग्रहाने जेवू घालणारी, दिवस गेलेल्या बाईचे कौतुक करणारी वडीलधारी बाई प्रत्येक घरात असते. तिच्या प्रेमावर शंका घ्यावी लागणे ही आपल्याला माहीत असलेली, पण कोणी न बोललेली भीती आहे. उषा नाईक यांचा आवाज नुसता डोळे मिटून ऐकावा.

हिंदीत मूळ समजूत शाबूत आहे, कारण मुलगी नको असणे हे एका राज्यापुरते नाही. म्हणून हा रिमेक पायावर उभा राहतो. मीता वशिष्ठ यांनी प्रेम आणि दरारा यांचे मिश्रण स्वतःच्या रीतीने साधले आहे, आणि चित्रीकरण अधिक सफाईदार आहे. मात्र सगळ्या हिंदी मुलखाला कळावे म्हणून बोली जरा सपाट झाली आहे, आणि जे मराठीत नजरेने सांगितले होते ते काही ठिकाणी शब्दांनी समजावून सांगितले आहे असे मला वाटते. माझा कल मराठीकडे झुकतो. पण तो थोडक्यात झुकतो, आणि हिंदी चित्रपट आधी पाहिलेल्यांशी बोलूनच मी तो पक्का करीन.

घड्याळ लावावे, मग शेवट तपासावा

दोन्ही चित्रपटांतला एकच प्रसंग निवडून मोबाइलवर वेळ मोजावी : पात्र आवाजाच्या दिशेने निघाल्यापासून काही दिसेपर्यंत किती सेकंद जातात, आणि त्यांपैकी किती सेकंद पार्श्वसंगीताशिवाय आहेत. रिमेकमध्ये वाट पाहण्याचा वेळ घटलेला आढळला, तर निर्मात्याचा प्रेक्षकाच्या धीरावर विश्वास नव्हता असे समजावे. वाढलेला आढळला तर तो वेळ कशाने भरला आहे ते पाहावे. ‘यात दम नाही’ हे मोघम मत या मोजणीने चर्चेजोगे होते.

शेवटाविषयी अधिक दक्ष राहावे, कारण रिमेक बहुधा तिथेच कच खातो. १९८८ च्या डच ‘स्पूरलोस’चा शेवट प्रेक्षकाला कसलाही दिलासा देत नाही, आणि त्या निर्दयपणामुळेच तो चित्रपट विसरता येत नाही. त्याच जॉर्ज स्लाउझर यांनी १९९३ मध्ये अमेरिकेत स्वतःच तो पुन्हा केला आणि शेवटी दिलासा दिला. सगळी इमारत बसली. दिग्दर्शक तोच असणे ही हमी नव्हे, याचा यापेक्षा चांगला दाखला नाही.

उलट, मूळ बाजूला सारून धाडस करणारे रिमेक कधी कधी मुळाच्या पुढे जातात. १९५८ च्या ‘द फ्लाय’मध्ये यंत्रातल्या अपघाताने माणसाचे आणि माशीचे अवयव एका फटक्यात अदलाबदल होतात, डेव्हिड क्रोननबर्ग यांनी १९८६ मध्ये तेच एखाद्या आजारासारखे दिवसादिवसाने घडवले, आणि प्रेयसीने ते उघड्या डोळ्यांनी पाहत राहावे अशी योजना केली. आपले माणूस अंथरुणावर हळूहळू ओळखू येईनासे होणे ज्याने पाहिले आहे, त्याला या रिमेकविषयी काही समजावून सांगावे लागत नाही. जॉन कारपेंटर यांचा ‘द थिंग’ (१९८२) हाही १९५१ च्या चित्रपटाहून वरचढ मानला जातो. पण प्रदर्शनाच्या वेळी तो पडला होता. तेव्हा पहिल्या आठवड्याच्या कमाईवरून तोडीस तोड असल्या-नसल्याचा निकाल लावू नये.

चर्चा कशी घ्यावी

प्रत्येकाने आधी लिहावे आणि मग बोलावे, हा नियम कसोशीने पाळावा. नाहीतर सर्वांत मोठ्या आवाजाच्या माणसाचे मत दहा मिनिटांत सगळ्यांचे मत होते. गुण देण्याची पद्धत टाळावी. अभिनयाला सात, संगीताला सहा अशा बेरजेत भीतीचे मूळ कुठे सरकले हे दिसतच नाही. पहिल्या दिवशी लिहिलेले ते एक वाक्य रिमेकनंतर पुन्हा वाचावे आणि ते त्यालाही लागू पडते का, एवढेच विचारावे. लागू पडत नसेल तर नव्या चित्रपटासाठी वेगळे वाक्य लिहिता येते का, हे पाहावे. तेही येत नसेल तर रिमेक पोकळ आहे. बायका आणि पुरुष यांची वाक्ये वेगळी निघाली तर ती शेजारी ठेवून वाचावीत. ‘लपाछपी’च्या बाबतीत ती वेगळी निघण्याचीच शक्यता अधिक.

पुढच्या बैठकीसाठी ‘वश’ (२०२३) हा गुजराती चित्रपट आणि त्याचा हिंदी रिमेक ‘शैतान’ (२०२४) ही जोडी घ्यावी. झपाटलेल्या मुलीच्या भूमिकेत दोन्हींकडे जानकी बोडीवालाच आहेत, त्यामुळे तिचा अभिनय बाजूला ठेवून बाकी काय बदलले ते सहज वेगळे काढता येते. घरात घुसणारा अनोळखी माणूस गुजरातीत हितेन कुमार आहेत आणि हिंदीत आर. माधवन, ज्याला प्रेक्षक वर्षानुवर्षे प्रेमळ नायक म्हणून ओळखतो त्याच्या तोंडचे हुकूम अधिक झोंबतात की कमी, हा प्रश्न बैठकीआधीच फळ्यावर लिहून ठेवावा. गुजराती मराठी कानाला फार परकी नाही, उपशीर्षके चालू ठेवली तर कोणाचे अडणार नाही. या वेळी गटांची अदलाबदल करावी : गेल्या खेपेला ज्यांनी मूळ आधी पाहिले, त्यांना ‘शैतान’ आधी दाखवावा.